दोघांनी मिळून पाहायचं

कांडीमास्तरांच्या घरात दार कधी आपटत नसे. प्रत्येक दाराच्या फटीत त्यांनी जुन्या पायमोज्याची घडी खोचून ठेवली होती. बायको म्हणायची, "अहो, इथे माणसं राहतात. एखाद वेळी दार आपटलं तर कुणी पोट वर करून तरंगायला लागणार नाही." मास्तर ओशाळून हसत आणि सुटलेली घडी परत खोचत.

सवय जुनी होती. त्यांची उभी हयात एका बंद खोलीत माशांकडे बघण्यात गेली होती. शहराबाहेर कारखान्यांची लांबलचक रांग होती आणि तिच्या टोकाला एक बैठी पांढरी इमारत. एखाद्या कारखान्यात नवं रसायन तयार झालं, की त्याचा नमुना बाटलीतून या इमारतीत यायचा. हे पाण्यात गेलं तर मासे मरतील का, आणि किती गेलं तर मरतील, एवढंच इथे ठरवायचं. काचेच्या टाक्या ओळीने मांडलेल्या असत. पहिल्या टाकीत निव्वळ पाणी, दुसरीत रसायन नावापुरतं, तिसरीत त्याहून जास्त, असं चढत जायचं. प्रत्येक टाकीत बोटाच्या दोन पेरांएवढे मासे सोडायचे आणि चार दिवस बघत राहायचं. ज्या मात्रेला निम्मे मासे मरत, ती मात्रा त्या रसायनाच्या नावाला कायमची चिकटायची.

खोलीत बोलायचं नाही, पाय घासायचे नाहीत, डोक्याला वासाचं तेल लावून यायचं नाही. नळाचं पाणी पिंपात भरून उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून गेलं की मगच ते माशांच्या वाट्याला. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी, खुंटी वेगळी. मासा खरोखर मेला की नुसता गळाठून पडलाय हे ठरवायला मास्तरांच्या हातात काचेची बारीक कांडी असे. तिचं टोक शेपटीच्या बुडाशी हलकेच लावायचं. मासा शहारला नाही आणि कल्लेही हलत नसले, तर मेला. मग त्याला लगेच बाहेर काढायचं, नाहीतर तो पाणी नासवतो. त्या कांडीवरूनच त्यांचं नाव पडलं. कँटीनमध्ये कुणी ना कुणी ओरडायचंच, "मास्तर, या हिशेबनिसाला जरा कांडी लावून बघा हो. सकाळपासून हललेला नाही."

हात मात्र खरोखरच हलका होता आणि निकाल झटपट. कांडी लावली, पाहिलं, संपलं. मास्तरांना त्याचा अभिमान होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

टाक्या बघायला एक माणूस पुरत नसे. दुसरा होता जराथांब. उंच, किडकिडीत, चालताना आपलीच सावली तुडवू नये अशा बेताने पाऊल टाकणारा. काचेला नाक लावून तो इतका वेळ उभा राहायचा, की मासे त्याला सामानात धरायचे. मास्तर घाई करायला लागले, की त्याच्या तोंडी एकच, "जरा थांब." म्हणून ते नाव. दोघे एकाच सुमारास कामाला लागले होते आणि एकमेकांना अरेतुरे करणारे त्या इमारतीत ते दोघेच होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी एक नियम घालून दिला होता. दोघांनी वेगवेगळ्या वेळी टाक्या पाहायच्या, आणि आपण काय पाहिलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. दोघांच्या पाहण्यात फरक आला, तर दोघांनी परत आत जायचं, टाकीसमोर उभं राहायचं आणि मिळून पाहायचं. तोपर्यंत माशाला हात लावायचा नाही. हे वर्षातून एखाददुसऱ्या वेळी घडायचं. तेव्हा दोघे खांद्याला खांदा लावून त्या निळसर उजेडात उभे राहायचे, श्वासही बेताने घ्यायचे, आणि मासा काय सांगतो ते ऐकल्यासारखे बघायचे. बाहेर आल्यावर भांडण म्हणून काही उरतच नसे.

मास्तर घाईत जेवणाचा रिकामा डबा कामावर विसरायचे. जराथांब तो घरी आणून द्यायचा. दार उघडायची ती मास्तरांची धाकटी बहीण. पुढे पुढे डबा इतक्या वेळा विसरला जाऊ लागला, की आई एकदा म्हणाली, "डब्याला पाय फुटलेत की कुणाला घराची ओढ लागलीय, ते एकदाचं सांगून टाका." धाकटी लाजली नाही. सरळ म्हणाली, "हा माणूस निदान बघतो तरी, दादा. तू नुसता निकाल देतोस." सगळे हसले. मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले.

लग्न झालं. पहिली मुलगी दिवस भरायच्या आधीच आली. ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. जराथांब त्या पेटीला नाक लावून उभा असायचा. परिचारिका कुरकुरायची, "बाबा, तुमच्या नाकाचे ठसे पुसून पुसून माझे हात दुखले." तिनेच मग त्याच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं.

एका दुपारी मास्तर तिथे पोचले, तेव्हा डॉक्टर पेटीशी वाकले होते. ते सरळ झाले, मान हलवली आणि जराथांबच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा थांबा," जराथांब म्हणाला. "बोट हललं. मी पाहिलं."

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. पुन्हा मान हलवली. तेवढ्यात जराथांबला दारातले मास्तर दिसले.

"तू ये," तो म्हणाला. "तू बघ. तुझी नजर पक्की आहे."

मास्तर उंबऱ्यातच उभे राहिले. पाय पुढे पडेना. तिथूनच म्हणाले, "गेली रे. चल आता. तिकडे धाकटी एकटी आहे." आणि दंडाला धरून त्याला बाहेर आणलं.

त्या दिवसाबद्दल पुढे कुणी बोललं नाही. धाकटीला नंतर मुलगा झाला. तो मोठा झाला, शिकला, दूर नोकरीला गेला. साला-मेहुण्याची जोडी त्या निळसर खोलीत तशीच येत-जात राहिली. मास्तरांचे केस पांढरे झाले. एकदा ते मॅडमकडे तक्रार घेऊन गेले, की खोलीतले दिवे मंद झालेत. दिवे बदलले. थोड्या दिवसांनी परत मंद झाले. घरी बायको म्हणायची, "दिव्याला नावं ठेवू नका. काल चहात मीठ घातलंत तुम्ही." मास्तर म्हणायचे, डब्यांची जागा तू बदललीस.

मग कीटकनाशकात मिसळायच्या एका नव्या रसायनाचा नमुना आला. तिसऱ्या दिवशी सकाळी जराथांब आधी खोलीत जाऊन आला. मागून मास्तर गेले. पाचव्या टाकीत एक मासा तळाशी कुशीवर पडला होता. त्यांनी कांडी लावली. मासा शहारला नाही. कल्ल्याकडे पाहिलं. काही हलताना दिसलं नाही. जाळीत घेतला आणि झाकणाच्या बादलीत टाकला. त्या बादलीत जंतुनाशक असायचं. तिथून मासा परत येत नाही.

ते बाहेर बोळात आले, तर जराथांब दोघांचे आकडे जुळवायला उभा. मास्तरांचा कागद हातात घेऊन त्याने पाचव्या टाकीचा आकडा पाहिला.

"पाचवीतला कुशीवरचा कुठाय?"

"मेला. काढला."

"मेला कसा? मी आत्ता पाहून आलो. कल्ला हलत होता त्याचा."

"नंतर मेला असेल."

"एवढ्यात? अरे, फरक पडला तर हात लावायचा नाही असं ठरलंय ना आपलं? मला हाक मारायचीस. त्या टाकीवर सगळं अडलंय. तो मेलेल्यांत धरला तर निम्मे भरतात."

"फरक पडला हे मला कसं कळणार? आणि मेल्याला मेला म्हणायला दोन माणसं कशाला लागतात?"

"जिवंत मासा बादलीत टाकलास तू."

"तोंड सांभाळून बोल."

"आंधळा झालायस का?" जराथांबचा आवाज चढला. त्या बोळात कुणी आवाज चढवलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. कँटीनचा माणूस कपांचा ट्रे घेऊन तिथल्या तिथे थबकला.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. आणि तोंडातून शब्द गेले, ते असे. "तुला मेलेलं कधी ओळखता आलंय? तेव्हा तरी आलं होतं का?"

जराथांबने मास्तरांचा कागद परत त्यांच्या हातात दिला. तो आत गेला आणि चौथ्या दिवसापर्यंत आपलं पाहण्याचं काम त्याने नेहमीसारखं केलं, कारण अर्धा प्रयोग टाकून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. प्रयोग संपला, तशी त्याने मॅडमकडे बदली मागितली. पुढची सगळी वर्षं तो मागच्या अंगाला पाण्याचे नमुने भरून आणणाऱ्यांच्या गाडीवर होता. मॅडमनी ते रसायन नव्याने तपासून घेतलं. आकडा जवळपास तोच आला. एका माशाने कशात काही फरक पडला नव्हता.

धाकटीचं येणंजाणं मात्र थांबलं. कुणाच्या लग्नात भेटली, तर "कसा आहेस दादा" म्हणायची आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची. मास्तरांची बायको तिकडे जात असे. "वन्संकडे जाऊन येते," म्हणायची. आल्यावर मास्तर विचारायचे, "कसे आहेत?" ती म्हणायची, "बघायचं असेल तर बस इथूनच सुटते." असं करता करता दोघेही निवृत्त झाले.

शेवटी मास्तरांना रस्त्यावरच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा बायको त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मोतीबिंदू होता. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली, तेव्हा बायको औषधं आणायला खाली गेली होती आणि मास्तर बाहेरच्या खुर्चीत बसले होते. समोरच्या भिंतीशी माशांची टाकी होती, रुग्णांच्या करमणुकीसाठी ठेवतात तशी. इतक्या दिवसांत ती असून नसल्यासारखी होती. आता त्यांनी पाहिलं, तर एक सोनेरी मासा वनस्पतीमागे स्थिर उभा होता, आणि त्याच्या कल्ल्याचं झाकण उघडत होतं, मिटत होतं. उघडत होतं, मिटत होतं. मधे आख्खी खोली होती, तरीही त्या झाकणाची कडसुद्धा दिसत होती.

मास्तर उठून परत डॉक्टरांच्या खोलीत गेले.

"हे किती दिवसांपासून होतं हो?"

"दिवस कसले, आजोबा? तुमचा मोतीबिंदू चांगला पिकलेला होता. नोकरीत होतात तेव्हाच सुरू झाला असणार. तुम्हाला धूसर दिसत नव्हतं?"

"दिवे मंद वाटायचे," मास्तर म्हणाले.

म्हणजे शेवटी शेवटी ते बघतच नव्हते. सवयीने ओळखत होते, इतकंच. कल्ल्याचं एवढंसं हलणं त्यांना दिसणं शक्यच नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. ती औषधाच्या बाटल्या लावत होती. "मग जाऊन सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"मासा जिवंत होता म्हणून सांगा. बाकी काय सांगायचं राहिलंय ते मी शिकवायला नको."

"आता? इतक्या वर्षांनी?"

बायकोने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुमच्या धीरालाच एकदा कांडी लावून बघायला हवी. हलतोय का बघू."

तरी ते पुढे ढकलत राहिले. डोळ्यांत थेंब घालायचे आहेत, ऊन फार आहे, गर्दी असेल. एका सकाळी बायकोने त्यांचे कपडे काढून ठेवले आणि काही न बोलता चपला दाराकडे तोंड करून मांडल्या.

दार धाकटीने उघडलं. ती इतकी म्हातारी झालेली मास्तरांना ठाऊक नव्हती. लग्नाबिग्नात भेटली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या दिसल्या नव्हत्या. आता एकूण एक दिसत होत्या.

"दादा?" ती म्हणाली. मग आतल्या बाजूला, "अहो, दादा आलाय."

जराथांब खिडकीशी खुर्चीत होता. गुडघे गेले होते, मांडीवर चादर. त्याने मान वळवून पाहिलं आणि समोरच्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं. ते बसायचं आमंत्रण होतं.

धाकटी चहा करायला आत गेली. मास्तरांनी येताना बसमध्ये सगळी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एक तेवढं आठवलं.

"तो मासा जिवंत होता."

"कुठला मासा?"

"पाचव्या टाकीतला. कुशीवरचा. मला तेव्हा दिसतच नव्हतं. मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, तेव्हापासूनच असणार."

"हां, तो." जराथांब खिडकीबाहेर बघू लागला. "मेलेलाच असेल रे."

"अरे, तू स्वतः कल्ला हलताना पाहिलास!"

"मला हललेलंच दिसतं. मला नेहमीच दिसतं. तेव्हाही दिसलं होतं."

आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

"बोळात मी जे बोललो," मास्तर म्हणाले, "ते कुठल्याही माणसाने बोलू नये."

"रागात बोललास. मीही तुला आंधळा म्हणालो होतो." जराथांबच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "ते बघ, खरं निघालं."

मास्तरांना हसू आलं आणि हसताच डोळ्यांतून पाणी आलं. नव्या डोळ्यांना जपायला सांगितलंय, म्हणून त्यांनी ते चोळले नाहीत.

"त्याचं काही नाही," जराथांब म्हणाला. "बोळातलं मी सोडून दिलं होतं. पण त्या दिवशी ते मागचं सगळं वर आलं, ते पुन्हा खाली बसेना. मला एकच लागून राहिलं. डॉक्टर म्हणाले ते खरंच होतं. मला काय कळत नव्हतं? पण मी तुला हाक मारली होती. तू दारातच थांबलास."

मास्तर चादरीवरच्या रेघा बघत राहिले.

"आपल्या दोघांचं ठरलेलं होतं रे. फरक पडला तर मिळून पाहायचं. माझ्याशेजारी उभा राहून एकदा बघायचंस. मग म्हणायचंस, गेली. मी ऐकलं असतं."

मास्तरांना सांगता आलं असतं, की पाय उचलत नव्हते. सांगता आलं असतं, की धाकटी जन्मली तेव्हा हुबेहूब तसंच इवलंसं तोंड होतं आणि तेच दिसेल म्हणून भीती वाटली. दोन्ही खरं होतं. पण इतका उशीर करून आलेल्या माणसाने कारणं काय सांगायची.

"त्या दिवशी मी तिच्याकडे पाहिलंच नाही," ते म्हणाले. "डॉक्टरांचा चेहरा पाहिला आणि बोललो."

"माहीत आहे," जराथांब म्हणाला. "मी तुझ्याकडेच बघत होतो."

धाकटी चहा घेऊन आली. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. "साखर किती घालू दादा? आता तेही विचारायला लागतं, बघ."

"बंद केलीय. डॉक्टरांनी."

"कधीपासून?"

मास्तरांनी सांगितलं. तिने मान हलवली. लहानपणी चोरून साखरेचे बकाणे भरणारा भाऊ साखर सोडून इतकी वर्षं जगत होता, आणि तिला पत्ता नव्हता. ती त्यांचा कप घेऊन बिनसाखरेचा आणायला परत आत गेली.

"बरं, तुझे नवे डोळे बघू," जराथांब म्हणाला. त्याने बोट खिडकीबाहेर केलं. "समोरच्या गच्चीवर तारेला काय आहे? पक्षी आहे बघ. सकाळपासून एकाच जागी बसलाय. पंखाला काहीतरी लागलं असावं बिचाऱ्याच्या."

मास्तरांनी पाहिलं. तारेला काळ्या पिशवीचा फाटका तुकडा अडकला होता. पिळा पडलेली जागा, लोंबणारं टोक, सगळं लख्ख दिसत होतं. निकाल जिभेच्या टोकावर आला.

त्यांनी शेजारी पाहिलं. जराथांब पुढे वाकून, काचेला जवळजवळ नाक लावून बघत होता.

मास्तरांनी खुर्ची उचलली, पाय घासू न देता खिडकीशी नेली आणि त्याच्या खुर्चीला लावून ठेवली.

"जरा थांब," ते म्हणाले. "बघू या."

वारा अजिबात नव्हता. धाकटी दुसरा कप घेऊन आली, तर दोन म्हातारे खांद्याला खांदा लावून बसलेले.

"काय बघताय एवढं?"

"श्श," दोघे एकदम म्हणाले.

ती कप हातात घेऊन मागे उभी राहिली. तारेवरचं ते काळं काही हललं नाही. मास्तर बघत राहिले. त्या दिवशी दवाखान्यात इतकाच वेळ लागला असता.